उतरंडीतली राखाडी पँट

"मॅडम, पँट कुठंय?" सरांनी पुन्हा विचारलं.

सर म्हणजे आमचे सर्जन. वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी मराठवाडाभरातून लोक त्यांच्याकडे येतात. मी त्यांच्या विभागात आहारतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी काय खायचं, नंतर काय खायचं आणि घरच्यांनी प्रेमानं काय खाऊ घालायचं नाही, हे सांगणं माझं काम. पँटा सांभाळणं माझ्या जॉब प्रोफाइलमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. तरी त्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये मी एका पँटचा जाब देत उभी होते.

सरांच्या शेजारी परितोष बसला होता. हा आमचा मार्केटिंग मॅनेजर, पुण्याहून नवीनच आलेला. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर एक गोरा माणूस भल्यामोठ्या पँटच्या एकाच पायात आपले दोन्ही पाय घालून उभा होता आणि कंबर हातभर पुढं ताणून हसत होता.

"रविवारच्या मेळाव्यात आपल्याला हाच शॉट हवाय," परितोष म्हणाला. "तीन पेशंट, आपापल्या जुन्या पँटमध्ये. मधोमध दांडगे काका. ते आपला फेस आहेत."

"जुन्या पँटा त्यांच्याकडे नाहीत," मी म्हणाले.

"म्हणजे फेकल्या?"

"दिल्या."

"कुणाला?"

"एकमेकांना."

परितोषनं सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. आता मला सगळं पहिल्यापासून सांगणं भाग होतं, आणि तुम्हालाही.

आमच्याकडे जे ऑपरेशन जास्त होतं त्याला स्लीव्ह म्हणतात. पोटाच्या पिशवीचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी करतात. मग माणूस वाटीभर खातो आणि पुरे म्हणतो. पहिल्या वर्षात वजन भराभर उतरतं. घरच्यांना आनंद होतो, शेजाऱ्यांना संशय येतो आणि पेशंटला कपडे होत नाहीत. आज घेतलेली पँट दोन-तीन महिन्यांत घसरायला लागते. दर वेळी नवी कोण घेणार?

त्यात कपडे घ्यायला जाणं हीच या लोकांची जुनी दुखरी नस. दुकानात शिरलं की काउंटरवरचा माणूस माळ्यावरच्या पोऱ्याला गल्लीभर ऐकू जाईल असं माप ओरडून सांगतो. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघतात. आमच्या एका बाईंनी या ओरडण्याला घाबरून कित्येक वर्षं दुकानाची पायरी चढली नव्हती. नवऱ्याला पाठवायच्या. तो बिचारा मनानंच माप लहान सांगायचा.

म्हणून आमच्या सपोर्ट ग्रुपनं एक सोय काढली. सपोर्ट ग्रुप म्हणजे ऑपरेशन झालेले आणि व्हायचे असलेले लोक शनिवारी माझ्या ओपीडीत जमतात, बोलतात, डाळीच्या पाण्याच्या तक्रारी करतात. त्यांनी माझ्या फायलींचं कपाट रिकामं करून घेतलं. फायली जमिनीवर गेल्या आणि कपाटात कपडे आले. ज्याला जे सैल झालं त्यानं ते आणून टांगायचं, ज्याला बसेल त्यानं न्यायचं. सगळ्यात मोठं माप एका टोकाला, मग लहान होत होत दुसऱ्या टोकापर्यंत. मडक्यांवर मडकी रचतात तशी ही मापं लावलेली, म्हणून तिचं नाव पडलं उतरंड. कायदेही त्यांनीच केले. कपडा धुऊन, इस्त्री करूनच टांगायचा. कुणाचा होता ते विचारायचं नाही. कुणी काय नेलं ते बघायचं नाही. कपाटाशी कुणी उभं असेल तर बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. खिडकीबाहेर हॉस्पिटलच्या लॉंड्रीची भिंत आहे, पण ती आमच्या लोकांनी फार मन लावून पाहिली आहे.

या उतरंडीच्या मोठ्या टोकाला एक राखाडी पँट होती. ती गुलमंडीच्या नईमभाईंनी शिवलेली. नईमभाई टेलर, आणि आमचेच पेशंट. त्यांनी ती शिवली उत्तमराव दांडग्यांसाठी. दांडगे कन्नडचे, तिथून शहरापर्यंत त्यांच्या काळ्यापिवळ्या जीपा चालतात. ऑपरेशनच्या आधी त्यांना स्वतःच्याच जीपचं स्टिअरिंग पोटामुळं वळवता येत नव्हतं. त्यांचं वजन उतरलं तशी ती पँट हर्सूलच्या भालेरावांना गेली. भालेराव जेलमध्ये नोकरीला. त्यांचं उतरलं तशी ती ऑपरेशनची वाट बघणाऱ्या खुद्द नईमभाईंकडे आली. शिवणाऱ्याला आपणच शिवलेली पँट परत मिळाली, म्हणून त्यांनी तिची दोन बटणं बदलून घेतली. पुढं त्यांचंही वजन उतरलं आणि ती पुन्हा कपाटात आली.

"म्हणजे," सर म्हणाले, "तिघांची जुनी पँट एकच आहे?"

"हो."

"ठीक आहे," परितोष म्हणाला. "एकेक करून स्टेजवर येतील. विंगेत बदलतील. आणा ती."

मी ओपीडीत आले, कपाट उघडलं. मोठ्या टोकाला नुसता हँगर लटकत होता.

भालेरावांना फोन केला. ते ड्यूटी संपवून थेट आले आणि कैदी पळाल्यासारखा तपास सुरू केला. हँगर बघितला, कपाटाची कडी हलवून बघितली. वॉर्डातल्या मावशींना बोलावून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं. मावशी त्या मऊ आवाजालाच घाबरल्या. म्हणाल्या, दांडगे काकू आल्या होत्या, कधीच, पाऊस होता तेव्हा. पँट पेपरात गुंडाळून घेऊन गेल्या. कुणी काय नेलं ते बघायचं नसतं, म्हणून मी बघितलं नाही.

मग भालेराव माझ्याकडे वळले. "मॅडम, एक गोष्ट मला बऱ्याच दिवसापासून खटकू ऱ्हायली. कन्नडच्या जीपा हर्सूलवरून काहून येतेत?"

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कन्नडहून शहरात यायचा रस्ता सरळ वेरूळ, दौलताबाद, पडेगाव असा आहे. हर्सूल शहराच्या भलत्याच अंगाला. कन्नडहून हर्सूलवरून यायचं म्हणजे खुलताबादपासून फुलंब्रीकडं जाऊन उगाच केवढा तरी वळसा घ्यायचा. असा वळसा शुद्धीवरचा ड्रायव्हर घेत नाही. आणि पडेगावच्या सरळ रस्त्यावर काय आहे, तर आमच्या हॉस्पिटलचं होर्डिंग. त्यावर दुमजली उत्तमराव दांडगे, बारीक, जीपच्या स्टिअरिंगवर हात ठेवून हसणारे. खाली लिहिलेलं: 'मी जिंकलो, तुम्हीही जिंका.'

दांडगे मीटिंगला का येईनात, फोन का उचलेनात, हे माझ्या डोक्यात एकदम स्वच्छ झालं.

आमच्या धंद्यात याला रीगेन म्हणतात. गेलेलं वजन परत येणं. काहींचं थोडं येतं, काहींचं बरंच. नळी हळूहळू सैल होते, भूक परत जागी होते, त्यात घरचा ताण, बसून काम. यात पेशंटचा दोष असतो तेवढाच शरीराचाही असतो. वेळेवर आला तर औषधं आहेत, इतर उपाय आहेत. पण रीगेन झालेला माणूस येत नाही, कारण त्याला वाटतं की आपण नापास झालो. आणि दांडग्यांना मधुमेह होता. ऑपरेशननंतर त्यांची साखर उतरली होती, गोळ्या थांबल्या होत्या. वजन परत आलं असेल तर साखरही आली असणार आणि ती कुणीच तपासत नसणार. मला पँटची काळजी नव्हती. मला त्यांच्या पायांची काळजी होती. वाढलेल्या साखरेची पहिली वाईट बातमी बहुतेक वेळा पायाच्या बोटावरून येते.

दुसऱ्या दिवशी मी, भालेराव आणि नईमभाई हर्सूलच्या नाक्यावरून दांडग्यांच्याच जीपमध्ये बसलो. पूर्वी भालेराव आणि नईमभाई दोघं मिळून चार सीटा भरायचे. आता ड्रायव्हरनं त्या दोघांना मिळून दीड सीटमध्ये बसवलं आणि वर आणखी एक माणूस कोंबला. नईमभाईंना याचा फार अभिमान वाटला. वाटेत प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देत होते. छावणीतल्या माणसानं जीपसाठी हर्सूलला का यायचं, म्हणत होते. ड्रायव्हर म्हणाला, मालकाचा हुकूम आहे, पडेगावकडचा रस्ता खराब आहे. तो रस्ता ताटासारखा गुळगुळीत आहे हे जीपमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

दांडग्यांचं घर स्टँडच्या मागं. अंगणात पत्र्याचं शेड, शेडमध्ये एक बंद पडलेली जीप. काकू दारातच म्हणाल्या, ते गावाला गेलेत. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या. त्याच वेळी बंद पडलेली जीप खोकली.

भालेराव तिच्याजवळ गेले आणि काचेवर बोटानं टकटक केलं. काच दोन बोटं खाली आली. आत अंधार होता आणि अंधारात उत्तमराव होते.

"मॅडम," आतून आवाज आला, "पँट नेतो म्हणून सांगायला पायजे व्हतं. चोरीच झाली म्हणायची."

मी म्हणाले, कपाट त्यासाठीच आहे.

"नाय. ते वरून खाली जायसाठी हाय. मी खालून वर आलो. असं येणाऱ्यानं कुणाला विचारायचं, ते तुमच्या कायद्यात नव्हतं."

खरंच नव्हतं. इतके बारीक कायदे केले आणि हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. उतरंड उतरण्यासाठी होती. चढायची वेळ आलेल्या माणसाला तिथं काही जागा ठेवली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मी पायाचं विचारलं. म्हणाले, अंगठ्याला जीपचं पेडल लागलं होतं, जखम भरत नाही. साखर तपासली का? नाही. मग मी चिडले. काचेच्या फटीतून एका मोठ्या माणसाला रागावणं अवघड असतं, पण मी रागावले. ओपीडी काय फक्त दुसऱ्यांसाठी उघडी ठेवलीय का, म्हणाले.

उत्तमरावांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या ओपीडीबाहेर भिंतीला माझाच फोटो लावलाय. मी त्याच्याखाली बसून नंबरची वाट बघू का?"

त्यांना कार्यक्रमाचं कळलेलं होतं. पँट आम्हाला त्यासाठीच हवी असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. जीप आतून हलायला लागली. पट्टा सोडल्याचा आवाज आला. काकू तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. उत्तमराव आतून म्हणाले, "थांबा, काढून देतो, घेऊन जा."

भालेराव खिडकीला जवळजवळ लोंबकळले. "उत्तमराव, पट्टा लावा. अंगावरची पँट उतरवून घ्यायला हे काय जेल हाय का? आणि जेलात बी दुसरी दिल्याबिगर पहिली घेत नाय."

जीप हलायची थांबली. मग नईमभाई पुढं झाले. ते आपल्या लोकांचं माप फितीनं घेत नाहीत, पायजम्याच्या नाड्यानं घेतात. नाड्यावर आकडा नसतो. कंबरेला लावायचा, एक गाठ मारायची, खिशात टाकायचा. किती आलं ते नईमभाईंना आणि गाठीलाच ठाऊक. ते म्हणाले, "दरवाजा खोलो उत्तमभाई, दुसरी सी के देता मैं. ये पँट आपकीच हय, पन एकच पँट पे कित्ते दिन काढते?"

दार उघडलं. आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. भालेराव पत्र्याचे खिळे बघत राहिले, मी शेडपलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीकडे बघत राहिले. म्हैस मात्र सरळ उत्तमरावांकडे बघत होती. तिला उतरंडीचे कायदे माहीत नव्हते.

निघताना मी त्यांना म्हणाले, स्टेजवर येऊ नका, पण शनिवारी मीटिंगला या. ते हो म्हणाले नाहीत.

परत येऊन मी सरांना खरं ते सांगितलं. सर वैतागले. दांडग्यांचं नाव वगळा म्हणाले, आणि कुणी विचारलंच तर ते नॉन-कम्प्लायंट आहेत म्हणून सांगा. नॉन-कम्प्लायंट म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा. वैद्यकीय भाषेत याहून सभ्य शिवी नाही.

"सर," मी म्हणाले, "पहिल्या वर्षानंतर आपणही पेशंटला फोन करायचं बंद करतो. त्याचा फोटो मात्र उतरवत नाही."

शनिवारच्या मीटिंगला दांडगे आले नाहीत.

इकडे परितोषला पँट हवीच होती. शेवटी नईमभाई म्हणाले, मी नव्या शिवून देतो, भालेरावांची एक, माझी एक. मी म्हणाले, नईमभाई, हे खोटं आहे.

"खोटं कायका मॅडम? वजन असली था, पँटच नकली हय."

मी हात टेकले. नईमभाईंकडे कुठल्याशा बँड पार्टीच्या गणवेशातून उरलेलं लाल मखमली कापड होतं, सोनेरी किनार लावलेलं. दुसरं एवढं कापड फुकट कुठून आणणार? मग माप ठरवायची वेळ आली, आणि जे लोक वर्षानुवर्षं आपलं माप लपवत आले होते ते एकदम उलटे फिरले. भालेराव म्हणाले, मी यापेक्षा जास्त होतो, चार बोटं वाढवा. नईमभाईंना वाटलं, मग मी काय कमी होतो का, आणि त्यांनी स्वतःची सहा बोटं वाढवली. भालेरावांनी ते बघितलं आणि पुन्हा शिवण उसवायला लावली. आपण किती जाड होतो यावरून दोन सज्जन माणसं माझ्या ओपीडीत तणतणत होती. रविवारपर्यंत पँटा एवढ्या मोठ्या झाल्या की एकेकीत मी, परितोष आणि वजनकाटा मावलो असतो.

मेळाव्याला हॉल बऱ्यापैकी भरला. सरांचं भाषण झालं, स्लाइड झाल्या. मग भालेराव आणि नईमभाई स्टेजवर आले. आपल्या नेहमीच्या पँटवरूनच त्यांनी त्या लाल मखमली पँटा चढवल्या होत्या आणि दोन्ही हातांनी कंबर लांबवर ताणून धरली होती. सरांनी भालेरावांच्या पँटकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. आपण ऑपरेशन केलेलं पोट सर्जनला आठवत असतं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, हे दोघं आधी बँड वाजवायचे का?

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि माणसं आत यायला लागली. डोक्यावर गाठोडी, हातात पिशव्या, एकाच्या बगलेत कोबीची जाळी. ही मंडळी आमची नव्हती. ती मागच्या खुर्च्यांवर बसली आणि प्रोटीनच्या बिस्किटांच्या ताटात त्यांनी हात घातला. त्यांच्या मागून एक भलाथोरला तरुण आला. आणि त्याच्या मागून, शर्ट बाहेर सोडलेले, राखाडी पँटमधले उत्तमराव दांडगे.

झालं होतं ते मला नंतर कळलं. त्या दिवशी ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून उत्तमराव स्वतः जीप घेऊन निघाले होते. पुढच्या सीटवर, दोन माणसांची जागा घेऊन, तो भलाथोरला तरुण बसला होता. त्याचं नाव रामेश्वर. तो खेड्यावरचा, कन्नडच्या आठवडी बाजारात भांडी विकायला येतो. तो म्हणाला, मला पडेगावच्या बोर्डापाशी सोडा, तिथून हॉस्पिटलच्या कार्यक्रमाला जायचंय. त्या बोर्डावरच्या माणसाला भेटायचंय. उत्तमराव म्हणाले, आपण हर्सूलवरून जातो. तेव्हा सगळी जीप उठली, आज तरी सरळ चला म्हणून.

उत्तमरावांनी सरळ रस्ता धरला. वाटेत त्यांनी रामेश्वरला विचारलं, त्या माणसाला भेटून काय करणार?

"विचारायचंय," रामेश्वर म्हणाला, "की ऑपरेशनला गेले तवा लोकं हसले का त्यांना. माझी हिंमत व्हईना."

होर्डिंगखाली जीप थांबली. रामेश्वरनं वर पाहिलं. मग उत्तमरावांकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. मागची मंडळीही वाकून तेच करत होती. वरचे उत्तमराव हसत होते, खालच्यांच्या पोटाला स्टिअरिंग टेकलं होतं. रामेश्वर खाली उतरलाच नाही. "दादा," तो म्हणाला, "कार्यक्रमाला उशीर व्हईल. चला की सोबत." तेव्हा मालकानं जीप हॉलकडे वळवली, आणि जीपमध्ये जेवढे होते तेवढे सगळे तिच्याबरोबर आले.

परितोषनं दांडग्यांना आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. पण ती पँट त्यानं वर्णनावरून ओळखली आणि चेहरा होर्डिंगवरून. नाव वगळलं आहे हे तो आनंदात विसरला. मी उठायच्या आत त्यानं माइकवर जाहीर केलं की आपले हिरो आले आहेत.

उत्तमराव अंगठ्यावर भार न देता हळूहळू स्टेजवर गेले. परितोषनं त्यांच्या कानात सांगितलं, काका, पँट पुढं ताणा. उत्तमरावांनी कंबरेत बोटं घातली. दोन बोटं गेली. त्यापुढं पँट तसूभर ताणली नाही. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. परितोषचा चेहरा बघवत नव्हता, आणि सर उठून उभे राहिले होते.

उत्तमरावांनी माइक घेतला.

"माझं वजन उतरलं व्हतं, ते खरं हाय. परत आलं, ते बी खरं हाय. ही पँट माझी. मधी या दोघांनी घातली. मला परत लागली तवा ती धुऊन, इस्त्री करून टांगलेली व्हती. काहून नेली म्हणून यांनी कुणी विचारलं नाय. डॉक्टर सायबांनी पोट बारीक केलं, त्यांचे उपकार हायेत. पर मी आज हितं उभा हाय तो या पँटमुळं." मग ते मागच्या रांगेकडे बघून म्हणाले, "रामेश्वर, हसले रे लोकं. पर हे लोकं नाय हसले."

मग भालेरावांना टाळी वाजवावीशी वाटली. टाळीला दोन हात लागतात हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी हात सोडले आणि लाल मखमल त्यांच्या पायाशी घसरली. नईमभाईंनी ते पाहिलं आणि त्यांनीही सोडली. सोनेरी किनारीच्या त्या ढिगाऱ्यात घोट्यापर्यंत बुडून दोघं टाळ्या वाजवत राहिले. मग सगळा हॉल वाजवायला लागला. कोबीवाल्यानं जाळी खाली ठेवून वाजवली. मी रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सरांनी माइक घेतला. मला वाटलं, आता नॉन-कम्प्लायंट येणार. सर म्हणाले, "दांडगे, उद्या सकाळी ओपीडीत या. उपाशी पोटी." आणि खाली बसले. सर जास्त बोलत नाहीत, पण त्या दिवशी एवढं पुरेसं होतं.

प्रश्नोत्तरांत ऑपरेशनबद्दल कुणी काही विचारलं नाही. सगळे कपाटाबद्दल विचारत होते. ते कुठल्या मजल्यावर आहे, बायकांचे कपडे आहेत का, आणि तो नाड्यानं माप घेणारा टेलर गुलमंडीला नेमका कुठं बसतो.

दुसऱ्या दिवशी दांडगे उपाशी पोटी आले. साखर बरीच वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या, ड्रेसिंग सुरू झालं, माझी बोलणी सुरू झाली. अंगठा वाचला. वजन थोडं उतरलं, मग थोडं थांबलं, आता पुन्हा उतरतंय. नईमभाईंनी गाठीच्या मापानं शिवलेली नवी पँट ते घालतात. राखाडी पँट धुऊन, इस्त्री करून परत आली. ती रामेश्वरनं नेली. तो नेत होता तेव्हा आम्ही सगळे लॉंड्रीची भिंत बघत होतो.

ओपीडीबाहेरचा फोटो मी स्वतः खुर्चीवर चढून काढला. पडेगावचं होर्डिंगही परितोषनं उतरवलं आणि तिथं डोंगरात उड्या मारणारी एक परदेशी बाई लावली. मला वाटलं, दांडगे सुटले. तर पुढच्या शनिवारी ते जरा नाराजच दिसले. म्हणाले, "बोर्ड काढला काहून? लोकं मला सांगत व्हते, तुमच्या बोर्डापशी उतरवा. आता कुठं उतरवू?"

उतरंडीच्या कायद्यात एक भर पडली आहे: कपडा दोन्ही बाजूंनी जातो. नाव बदलावं असं कुणी सुचवलं, पण भालेरावांनी फेटाळलं. लाल मखमली पँटांचे नईमभाईंनी कपाटासाठी पडदे केले. आता कपाटाशी उभ्या असलेल्या माणसाला आडोसा मिळतो आणि बाकीच्यांना भिंत बघत बसावं लागत नाही.

माझ्या हाताखाली नवीन डाएटिशियन मुली येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते. पेशंटचं वजन कधीही मोठ्यानं वाचायचं नाही. आणि पेशंटचा फोटो त्याच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर कुणाला लावू द्यायचा नाही. माणूस बदलतो, बोर्ड बदलत नाही, आणि मग सगळ्या जीपला फुलंब्रीवरून यावं लागतं.